तव्यावरची मशेरी आणि नळीतली पेस्ट

दात घासण्यासारखा क्षुल्लक विषय राजकीय चर्चेत कशाला आणायचा, असा प्रश्न काही सुबुद्ध वाचकांना पडेल. परंतु पहाटे कल्याण-डोंबिवलीच्या फलाटांवर पहिल्या गाड्यांसाठी गर्दी जमू लागते, त्याच वेळी घरोघरी माणसे दातांना जे लावतात त्यावरून त्या घराचे वर्गीय स्थान पुष्कळदा ओळखता येते. घोडबंदर रस्त्यावरील मनोऱ्यांत हल्ली खोबरेल तेल तोंडात घोळवले जाते; निंबाच्या पानांची पूड आणि खायचा सोडा एकत्र करून बरणी भरली जाते. कंपन्यांची रसायने नकोत, आजीचे मंजन बरे, ही त्यामागील भावना. आणि वागळे इस्टेटच्या आसपासच्या चाळींत किंवा वालधुनीकाठच्या वस्तीत एखादी बाई चुलीवर वा गॅसवर तवा ठेवून तंबाखू काळा होईपर्यंत भाजते, कुटते आणि बोटाने हिरड्यांना लावते. तेही घरगुतीच, तेही नैसर्गिकच. एकाच विशेषणाखाली या दोन्ही गोष्टी बसतात, यातच त्या विशेषणाचा फोलपणा उघड होतो.

मूळ इतिहास पाहिला तर महाराष्ट्राचे दात काही कंपन्यांनी घासायला शिकवलेले नाहीत. निंबाची, बाभळीची, करंजाची काडी चावून तिचा कुंचला करणे, राखुंडीने दात घासणे, मिठाने हिरड्या चोळणे या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. बाजारपेठेने प्रथम काय केले, तर याच गोष्टींची लोकांना लाज वाटायला लावली. कोळसा आणि मीठ म्हणजे अडाणीपणा, नळीतली पांढरी पेस्ट म्हणजे सुधारणा, हे समीकरण जाहिरातींनी मनावर ठसवले. लोक पुरेसे लाजले, तेव्हा त्याच कंपन्यांनी मीठ असलेली पेस्ट, कोळसा असलेली पेस्ट, निंब असलेली पेस्ट बाजारात आणली आणि काल हिणवलेली वस्तू आज दाम वाढवून परत विकली. भांडवलशाहीचे हे कौशल्य नवे नाही. जे फुकट होते ते आधी हीन ठरवायचे आणि मग त्यावर आपला शिक्का मारायचा.

या इतिहासाला डोंबिवलीचाही एक धागा आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली परळच्या राहत्या जागेत वनस्पतींचे दंतमंजन तयार करण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या मुलांनी ते दारोदार फिरून विकले. त्या घरगुती खटपटीतून विको ही कंपनी उभी राहिली. तिचा एक कारखाना डोंबिवलीत आहे आणि गावातील एक महाविद्यालय पेंढरकरांच्या नावाने चालते. हे मंजन औषध की प्रसाधन, हा उत्पादनशुल्काचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्वदेशी उद्योजकाच्या जिद्दीचे कौतुक जरूर करावे. मात्र घरातले मंजन कारखान्यात गेले की तेही माल बनते, हेही ध्यानात ठेवावे. ‘देशी’ आणि ‘वनस्पतिजन्य’ ही लेबले मालाला लागली म्हणून तो जनहिताचा ठरत नाही, आणि परदेशी नाव लागले म्हणून विषारीही ठरत नाही. कसोटी एकच: त्या वस्तूने दात टिकतात का, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचते का?

या कसोटीवर घरगुती उपाय एकेक करून पाहिले पाहिजेत. निंबाची किंवा बाभळीची ताजी काडी नीट चावून वापरली, तर दातांवर साचणारा थर निघतो. निंबाच्या रसात जंतुरोधक गुण आहेत. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी सुजलेल्या हिरड्यांना आराम पडतो, आणि दात काढल्यानंतर डॉक्टरही त्या सांगतात. लवंगेच्या तेलातील युजेनॉल दंतवैद्याच्या औषधातही असते; त्याने ठणका थांबतो, कीड मात्र थांबत नाही. तेल घोळवल्याने थर थोडा कमी होतो, पण ते घासण्याची जागा घेऊ शकत नाही. उलट लिंबू चोळल्याने दाताचे कवच आम्लात विरघळते, आणि जाडी राख, विटेची पूड, कोळसा यांनी ते झिजते. एकदा झिजलेले कवच पुन्हा येत नाही.

आणि या सर्व घरगुती मंजनांत एक उणीव समान आहे. त्यांत उपयोगी पडेल इतके फ्लोराइड नसते. साखर खाल्ल्यावर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात, ते कवचातील क्षार ओढून घेते, आणि फ्लोराइड ते क्षार परत बसण्यास मदत करते. कीड रोखण्याचा हा सिद्ध झालेला मार्ग आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातच फ्लोराइड जास्त असल्याने दात व हाडे बिघडतात, हे खरे. म्हणूनच पेस्टमधील प्रमाण दर दशलक्ष भागांत १००० भागांपेक्षा अधिक नसावे, असा आपल्याकडे कायदा आहे. लहान मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी आणि ती गिळू देऊ नये. पण गावच्या विहिरीतील दोष दाखवून डोंबिवलीच्या मुलाची पेस्ट काढून घेणे हा विज्ञानाचा विपर्यास आहे. मनोऱ्यातील मुलाला कीड लागली तर दंतवैद्य खालच्या मजल्यावर असतो. चाळीतील मुलाला तो नसतो.

तोंड धुण्याच्या रंगीत द्रवांची गोष्ट निराळी. १८७९ सालचे लिस्टरिन हे जंतुनाशक १९२० च्या दशकात अमेरिकेत मुखदुर्गंधीची भीती पसरवून खपवले गेले, आणि त्याने सर्दी टळते हा दावा खोटा ठरल्यावर १९७५ साली तेथील व्यापार आयोगाने कंपनीला आपल्याच जाहिरातीत दुरुस्ती छापण्याचा आदेश दिला. निरोगी माणसाला या बाटलीची सहसा गरज नाही. मिठाचे पाणी पुरते. येथे घरगुती उपायच शहाणपणाचा आहे.

आता तव्यावरच्या मशेरीकडे, ज्याविषयी नैसर्गिकतेचे भक्त अवाक्षर काढत नाहीत. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन व पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. पण हे कायदे विक्रेत्याला धरतात, घरच्या तव्याला धरू शकत नाहीत. भाजल्याने निकोटिन जात नाही, उलट जळण्यातून आणखी घातक संयुगे तयार होतात. धूरविरहित तंबाखू तोंडाचा कर्करोग करतो, हे जागतिक पातळीवर निःसंशय मानले गेले आहे. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी १९७२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हाच स्त्रियांमधील मशेरीची ही सवय अभ्यासकांनी नोंदवली होती. अर्धशतक उलटून गेले. ती बाई गावाहून ठाण्याला आली, आणि तिच्या पदराला बांधलेली डबीही आली.

तिला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ती मशेरी का लावते? पहाटे उठून नळावर पाणी भरायचे, डबे करायचे, मग चार घरची भांडी किंवा नाक्यावरचे बिगारी काम गाठायचे. मशेरीने भूक मरते, डोके हलके होते, दुखणारा दात बधिर होतो. दंतवैद्याकडे जायचे तर दिवसाची मजुरी बुडते आणि खाजगी दवाखान्याचे बिल वेगळेच. म्हणजे मशेरी हे तिच्या घरचे मंजन आहे, तिचे वेदनाशामक आहे आणि तिची एकमेव विश्रांतीही आहे. ही तीनही कामे दुसरे कोणी करायला तयार नसताना केवळ ‘तंबाखू सोडा’ असा फलक लावणे ही क्रूर थट्टा होय.

सरकारचे वर्तन काय सांगते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडयुक्त पेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. तरीही आपल्याकडे तिच्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर चालूच राहिला. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. कर उतरला हे स्वागतार्ह आहे, पण अत्यावश्यक वस्तूवर कर असावाच का, आणि ती केवळ खाजगी जाहिरातबाजांच्या हाती का असावी? हाफकिनसारखे राज्याच्या मालकीचे औषध महामंडळ मुंबईत असताना साधी, स्वस्त, जाहिरातीविना विकली जाणारी पेस्ट अंगणवाडीत आणि रेशन दुकानात देणे अशक्य का मानावे?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथे सायंकाळी, कामावरून सुटल्यावर जाता येईल अशा वेळी, दातांची मोफत तपासणी आणि उपचार मिळाले पाहिजेत. ठाणे आणि उल्हासनगर येथील कामगार विमा रुग्णालयांनी तंबाखू सोडवणाऱ्या औषधांसह स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ ठेवावी. महापालिकेच्या शाळांत दुपारच्या जेवणानंतर मुलांना दात घासायला लावावे. तोंडात न पुसला जाणारा पांढरा चट्टा, दोन आठवडे न भरणारी जखम किंवा कमी उघडणारा जबडा दिसल्यास लगेच डॉक्टर गाठावा, ही माहिती घरकामगार आणि नाका कामगारांच्या संघटनांनी प्रत्येक बैठकीत द्यावी. हे काम पालिकेवर सोडून संघटनांना मोकळे होता येणार नाही.

निंबाची काडी अवश्य चावावी. ती कोणाच्या मालकीची नाही, हेच तिचे थोर मोल आहे. मिठाचे पाणीही राहू द्यावे. परंतु जुन्या काळाच्या गोडव्यात गुंगून त्याच घरातील तवा विसरता कामा नये. त्या तव्यावर जे भाजले जाते ते एका श्रमिक स्त्रीचे आयुष्य आहे, आणि तो तवा उतरवायचा तर तिच्या दुखण्याला आणि तिच्या थकव्याला समाजाने दुसरे उत्तर दिले पाहिजे.