कोड आहे, खात्रीचे काय?

बनावट औषधांना आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने १ ऑगस्ट २०२३पासून आघाडीच्या ३०० औषध-ब्रँडच्या वेष्टनांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला. हेतू स्तुत्य असला, तरी छापील कोडची वेष्टनासह हुबेहूब नक्कल होऊ शकते. स्कॅन केल्यावर तपशील खरा दिसेल, आतली गोळी मात्र खोटी असेल.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २००५मध्ये वेगळा मार्ग दाखवला होता. कागदाच्या पृष्ठभागाची सूक्ष्म रचना लेसरने टिपता येते. बोटांच्या ठशांप्रमाणे ती प्रत्येक कागदाची निराळी असते आणि तिची नक्कल जवळपास अशक्य ठरते.

असे तंत्र सामान्य ग्राहकाच्या मोबाइलपर्यंत स्वस्तात पोहोचवायचे, तर पदार्थविज्ञान आणि क्रिप्टोग्राफी यांची सांगड घालणारी संशोधनपदे विद्यापीठांत निर्माण व्हायला हवीत. केवळ अधिसूचनेने रुग्णाची फसवणूक टळणार नाही.