दंड भरला म्हणजे सुटलो नव्हे



कापसाच्या भावासाठी रस्ता अडवला, गुन्हा दाखल झाला, तारखा सुरू झाल्या. वेचणीच्या दिवसांत एक तारीख म्हणजे बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे. मग कोणीतरी कानात सांगतो, "कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." आमचे म्हणणे असे, की हे मोकळे होणे नव्हे.

शब्द नीट समजून घेऊ. अटक म्हणजे शिक्षा नव्हे. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. जामीन म्हणजे सुटका नव्हे, तारखेला हजर राहण्याची हमी. कोर्टाने दोषी ठरवले की ती दोषसिद्धी. त्यापोटी मिळते ती शिक्षा. दंड लहान असो की मोठा, दोषसिद्धी तीच. कबुली दिल्यावर अपील उरते ते शिक्षा किती आणि कायद्याला धरून आहे का, एवढ्यापुरतेच.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. सार्वजनिक वाटेत अडथळा केल्याचा दंड २०० रुपयांवरून ५,००० रुपयांपर्यंत गेला. तो भरला नाही तर दोन महिन्यांपर्यंत साधी कैद. साधी म्हणजे सक्तमजुरी नाही एवढेच, तुरुंग तोच.

आता खरी मेख. सरकार आंदोलनातले खटले मागे घेण्याची घोषणा करते. मागे घेता येतो तो निकाल न लागलेला खटला, तोही सरकारी वकिलाच्या अर्जावर आणि कोर्टाच्या संमतीने. ज्याने कबुली देऊन दंड भरला, त्याचा खटला उरलाच कुठे? तारखा सोसणारा सुटतो आणि घाईने मोकळा झालेला कायमचा दोषी राहतो.

१९२२ साली अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी राजद्रोहाचा आरोप कबूल केला आणि सहा वर्षांची साधी कैद पत्करली. ती कबुली समजून उमजून दिलेली होती. तशी द्यायची तर ताठ मानेने द्या. कंटाळून देऊ नका.

म्हणून आमचा आग्रह आहे: गावोगाव तारखांची यादी ठेवा, एकत्र जा, भाड्याचा खर्च वाटून घ्या. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. दोषी ठरलातच, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडण्याची मागणी करा. तसे सुटलेल्याला दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही.

भाव मागणे हा गुन्हा नाही. मग न समजता गुन्हेगाराचा शिक्का का घ्यायचा?