करडईची दाटी मोडा



रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचे चार तास धरायचे, म्हणजे काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत, ही कर्जत-जामखेडकडची जुनी रीत. त्यामुळे करडई म्हणजे कुंपण, तिला कसले खत नि कसली विरळणी, असा समज झाला. पण हिचे तेल आपल्या घरात लागते आणि वाळलेल्या पाकळ्या औषधात जातात. थोडे लक्ष दिले तर ती चांगले उत्पन्न देते.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्या हातून एक चूक झाली. एका कोरडवाहू शेतकऱ्याला मी महिन्याच्या पिकात युरिया फेकायला सांगितले. पुढे पाऊस आलाच नाही. करडईचे सोटमूळ खालच्या ओलीत गेलेले, खत मात्र वरच्या कोरड्या मातीत पडून राहिले. त्याचे उसने पैसे वाया गेले. म्हणून सांगतो, कोरडवाहू करडईला सगळे खत पेरणीबरोबरच, दोन चाड्याच्या पाभरीने बियाखाली पडू द्या.

हेक्टरी 50 किलो नत्र व 25 किलो स्फुरद ही शिफारस आहे. एकराच्या हिशेबाने युरियाची 45 किलोची एक गोणी आणि सिंगल सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या सव्वा गोण्या झाल्या. सुपरमधून गंधकही मिळते, ते तेलबियांना मानवते.

पेरणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरका. उशीर झाला की मावा जोर करतो. एकरी 4 किलो बियाणे पुरे. दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवा.

आता महत्त्वाचे काम विरळणीचे. उगवणीनंतर 10 ते 15 दिवसांत दर 20 सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण वीतभर अंतरावर, एकच जोमदार रोप राखा. एकरी सुमारे 45 हजार झाडे बसतात. दाटीतले झाड सरळ वाढते, फांद्या फुटत नाहीत; आणि फांद्या नाहीत तर बोंडेही नाहीत. शिवाय जमिनीतली ओल वाटली जाऊन दाणा भरताना सगळ्यांनाच कमी पडते.

उगवलेले रोप उपटताना जीव तुटतो, हे मी जाणतो. पण ताई, ती कोवळी रोपे टाकायची नाहीत. लसणाची फोडणी देऊन करडईची भाजी करा. मात्र बियाण्याला बुरशीनाशक चोळले असेल, तर ती रोपे ताटात नकोत.

तुमचा,
कृषी विस्तार अधिकारी