१२५ एक्स झूम घेतला, पण ऑर्डर कुठे आहे?



कॅमेऱ्यावरचा व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "सर, फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करायचाय. पैसे एकाच कॅमेऱ्यापुरते आहेत. सुपरझूम घेऊ का? लेन्स वेगळी घ्यावी लागत नाही, सगळं एकातच येतं."

व्हिडिओत मी दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं. ते अपुरं होतं, म्हणून आज सविस्तर लिहितो. आधी एक कबुली देतो, कारण या विषयात चूक माझीही झाली आहे.

माझा सल्ला आणि तिचे पैसे

कल्याणची एक मुलगी माझ्या कार्यशाळेला यायची. हुशार, बोलायला धीट. आईच्या भिशीचा नंबर लागला होता आणि त्या पैशांतून कॅमेरा घ्यायचा होता. तिने विचारलं, मी म्हटलं, "घे गं, यंत्र हातात आलं की ऑर्डर येतात." कुठला कॅमेरा, कशासाठी, हे मी विचारलंच नाही. तिने दुकानात जाऊन सगळ्यात मोठा झूम असलेला ब्रिज कॅमेरा घेतला.

पहिली ऑर्डर नात्यातल्या बारशाची. संध्याकाळची वेळ, छोटा हॉल, पिवळे दिवे. फोटो बघून यजमान म्हणाले, "अगं, यापेक्षा आमच्या जावयाच्या मोबाईलमध्ये छान आलेत." आगाऊ घेतलेले पैसे राहिले, उरलेले तिने मागितलेच नाहीत. त्या दिवशी मला फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, पण आवाज बसला होता. "सर, कॅमेरा खराब लागला का?"

कॅमेरा खराब नव्हता. तो चुकीच्या जागी उभा होता, आणि त्याला तिथे उभं करण्यात माझाही हात होता.

ब्रिज कॅमेरा म्हणजे नेमकं काय?

खिशात मावणारा साधा डिजिटल कॅमेरा आणि लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा यांच्या मधला हा पूल, म्हणून नाव ब्रिज. दिसायला डीएसएलआरसारखा, पण लेन्स कायमची बसवलेली. निकॉनचा कूलपिक्स पी१००० २०१८ साली आला. त्याचा झूम १२५ पट, म्हणजे फोटोग्राफरच्या भाषेत २४ ते ३००० मिमी. निकॉनचाच पी९५० ८३ पट, कॅननचा एसएक्स७० ६५ पट, पॅनासॉनिकचा एफझेड८२ ६० पट.

आता गंमत बघा. पी१०००च्या भिंगाची खरी फोकल लांबी जास्तीत जास्त ५३९ मिमी आहे. मग ३००० आले कुठून? आतला सेन्सर फार लहान आहे, त्यामुळे चित्राचा अगदी छोटा तुकडा टिपला जातो आणि वस्तू जवळ आल्यासारखी दिसते. हा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. सुरुवातीच्या डीएसएलआर किंवा मिररलेसमधला सेन्सर साधारण टपाल तिकिटाएवढा असतो. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ १३ पट.

सेन्सर म्हणजे पावसात ठेवलेलं भांडं समजा. वाटी ठेवली की परात? धो धो पाऊस असेल तर वाटीही भरते. रिमझिम असेल तर परातच लागते. उजेडाचंही तसंच आहे. भर उन्हात छोटा सेन्सर चांगलं काम करतो. हॉलच्या पिवळ्या दिव्यात त्याची दमछाक होते, आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतात.

त्यात भर म्हणजे झूम केला की भिंगाचं तोंडही लहान होतं. पी१०००ला जवळच्या टोकाला एफ/२.८ मिळतं, ३००० मिमीला एफ/८. म्हणजे लांबचं टिपायला जाल तेव्हा उजेड आणखी कमी येणार.

गिऱ्हाइकाचा फोन कुठे थकतो?

आता कॅमेरा बाजूला ठेवा आणि धंद्याचं बोलू. आज तुमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशात चांगला कॅमेरा आहे. हाताच्या अंतरावर, चांगल्या उजेडात फोन झकास फोटो काढतो. त्या कामाचे पैसे तुम्हाला कोण देणार?

फोन दोन ठिकाणी थकतो. एक, लांबचं असेल तर. दोन, अंधार आणि हालचाल एकत्र असेल तर. फोन जिथे थकतो तिथून तुमचा धंदा सुरू होतो. ब्रिज कॅमेरा यातला पहिला प्रश्न झकास सोडवतो, दुसऱ्यात तो तुमच्याबरोबरच अडकतो. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा तपशील.

लांबचं आणि उजेडातलं काम: आपल्या भागात कुठे आहे?

*शाळेचे क्रीडादिन.* सकाळची वेळ, मोकळं मैदान, पालक दोरीच्या पलीकडे. आपलं पोर शेवटच्या लेनमध्ये धावतंय आणि फोनमध्ये ते मुंगीएवढं दिसतंय. इथे तुमचा झूम पैसे कमावतो. पण शाळेची लेखी परवानगी घ्या, आणि एका मुलाचे फोटो फक्त त्याच्याच पालकांना द्या. इथे हयगय केलीत तर नाव जाईल आणि ते परत येणार नाही.

*रविवारच्या क्रिकेट स्पर्धा.* प्रत्येक खेळाडूला स्वतःचा एक तरी फटका हवा असतो. एक सावधगिरी: छोट्या सेन्सरच्या बहुतेक ब्रिज कॅमेऱ्यांचा फोकस वेगवान हालचालीत मागे पडतो. फलंदाजाच्या जागेवर आधीच फोकस धरून ठेवायला शिका.

*शोभायात्रा.* गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९ साली सुरू झाली आणि मग गावोगाव पसरली. सकाळचं ऊन, लेझीम, ढोलपथकं, नऊवारीत बाइकवर बसलेल्या मुली. एका बाल्कनीतून पूर्ण पथकही घेता येतं आणि ताशावाल्याचा चेहराही, लेन्स न बदलता. पथकांशी आधी बोलून ठेवा, यात्रा संपल्यावर फोटो विकायला निघालात तर उशीर झालेला असतो.

*इमारतींच्या बाहेरच्या भिंती.* हे काम कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मला यात सगळ्यात जास्त दम वाटतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. डोंबिवली, कल्याण, जुनं ठाणे इथे अशा इमारती किती आहेत ते तुम्हीच बघा. सातव्या मजल्याच्या छज्जाखालची भेग, पाइपाजवळ उगवलेलं पिंपळाचं रोप, सुटलेलं प्लास्टर हे सगळं खाली उभं राहून, परांची न बांधता टिपता येतं. ऑडिट हे पात्र इंजिनिअरचंच काम, त्यात तुम्ही पडायचं नाही. तुम्ही इंजिनिअरला, वॉटरप्रूफिंगवाल्याला किंवा रंगकाम कंत्राटदाराला मजल्यानुसार नंबर टाकलेले फोटो द्यायचे.

पण ३००० मिमीचं भिंग लोकांच्या खिडकीपर्यंत पोचतं, हे विसरू नका. सोसायटीचं पत्र हातात, सूचना फलकावर आदल्या दिवशी नोटीस, आणि सोबत समितीचा एक माणूस. याशिवाय कॅमेरा वर करायचा नाही.

*पक्षी.* ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत गेलं. तिथे हा कॅमेरा शोभून दिसतो. सिग्मा-टॅमरॉनची १५०-६०० मिमीची लेन्स एकटीच दोन किलोच्या आसपास असते, पी१००० लेन्ससकट सुमारे १.४ किलो. पण दुपारी जाऊ नका. तापलेली हवा थरथरते आणि लांबचा फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. सकाळी जा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. आणि खरं सांगू? पक्ष्यांचे फोटो विकून घर चालवणं फार कठीण आहे. तो छंद म्हणून ठेवा.

जिथे हा कॅमेरा नेऊ नका

मुंज, बारसं, हळद, हॉलमधलं लग्न, नाट्यगृहातलं स्नेहसंमेलन, अरंगेत्रम. आपल्याकडे जास्त ऑर्डर नेमक्या याच, आणि म्हणूनच इतकी मुलं फसतात. शिवाय लग्नवाल्यांना मागचं धूसर झालेला पोर्ट्रेट हवा असतो. हॉलमध्ये आठ-दहा फुटांवरून छोटा सेन्सर तसं धूसर करून देत नाही. तुमचं काम हेच असेल तर साधा मिररलेस आणि ५० मिमी एफ/१.८ची लेन्स घ्या. झूम नसेल, पण पैसे वसूल होतील.

मधला मार्ग आहे. एक इंचाचा सेन्सर असलेले ब्रिज कॅमेरे, उदाहरणार्थ सोनीचा आरएक्स१० मार्क ४, २४ ते ६०० मिमी. सेन्सर त्या छोट्यापेक्षा चौपट, फोकसही चपळ. पण महाग, आणि त्या पैशांत बॉडी व दोन लेन्सही येऊ शकतात.

घ्यायचाच असेल तर एवढं बघा

जुना पी९०० स्वस्तात मिळतोय म्हणून घाई करू नका. त्यात रॉ फाइल निघत नाही आणि वरून फ्लॅश लावायला हॉट शू नाही. पी९५०मध्ये दोन्ही आहे. पी१०००ची बॅटरी कंपनीच्याच मोजमापाने सुमारे २५० फोटो चालते, म्हणजे दोन जादा बॅटऱ्यांचा खर्च आधीच धरा. लेन्स कायमची असल्याने बाहेरची धूळ सेन्सरवर सहज जात नाही, हा फायदा. पण लेन्सची मोटर बिघडली तर सगळा कॅमेरा सर्व्हिस सेंटरला जातो आणि तुम्ही हात चोळत घरी. आणि उद्या प्रगती करायची म्हटली तर या कॅमेऱ्यातलं काहीच पुढच्या कॅमेऱ्याला लागत नाही.

हिशेबही करा. समजा कॅमेरा, बॅटऱ्या, कार्ड मिळून ५० हजार लागले. एका ऑर्डरमागे प्रवास आणि खर्च वजा जाता दीड हजार उरले, तर पैसे फिटायला ३४ ऑर्डर लागतील. त्या ३४ ऑर्डरपैकी पहिल्या पाच जणांची नावं आज लिहिता येतात का? येत नसतील तर दुकानात जाऊ नका. एक-दोन दिवस भाड्याने कॅमेरा घ्या आणि आधी एक ऑर्डर करून बघा.

त्या मुलीचं पुढे काय झालं?

तिने कॅमेरा विकला नाही. डिसेंबरमध्ये एका शाळेच्या क्रीडादिनाचं काम धरलं. तोच कॅमेरा, पण सकाळी आठचं ऊन. पालकांनी फोटो मागून घेतले. आता हॉलची ऑर्डर आली की ती सरळ सांगते, "ते माझं काम नाही, पण ओळखीचा माणूस देते." भिशीचे पैसे अजून पूर्ण सुटलेले नाहीत, पण सुटतायत.

मी मात्र तेव्हापासून "यंत्र घ्या, ऑर्डर येतील" हे वाक्य बोलणं सोडलंय.

आज रात्री वहीत तीन रकाने आखा: गिऱ्हाईक कोण, ते किती लांब असेल, उजेड किती असेल. "लांब" आणि "उजेड" दोन्हींपुढे बरोबरच्या खुणा जास्त आल्या, तर ब्रिज कॅमेरा तुमचा. नाही आल्या, तर दुकानदार कितीही एक्स दाखवू दे, हात जोडून बाहेर या.

वही भरली की कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!