गाणं फॉरवर्ड करणाऱ्यांनो, पोरांना शिबिराला पाठवा

दरवर्षी स्वातंत्र्यदिन जवळ आला की आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दूरदर्शनच्या जुन्या फिल्म येऊ लागतात. 'एक अनेक और एकता'मधली पाखरं, मशाल घेऊन धावणारे खेळाडू आणि 'मिले सुर'. त्याखाली ठरलेला मजकूर : "काय दिवस होते ते! तेव्हा हिंदू-मुस्लिम असं काही नव्हतं."

माझा आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे.

'मिले सुर' पहिल्यांदा लागलं 15 ऑगस्ट 1988 ला. मी अकरावीत होतो. पंडित भीमसेन जोशींचा आवाज कानावर पडला की अब्बा हातातलं काम थांबवायचे. मलाही ते गाणं आवडायचं, आजही आवडतं. पण त्याच्या आधीच्या वर्षी मेरठमध्ये हाशिमपुरा घडलं होतं, पुढच्या वर्षी भागलपूर घडलं. आमच्या महाराष्ट्रात 1984 ची भिवंडी होऊन गेली होती आणि 1992-93 ची मुंबई यायची होती. म्हणजे 'असं काही नव्हतं' हे खरं नाही. होतं, म्हणून तर सरकारला एकतेच्या फिल्म दाखवाव्या लागत होत्या. ज्या घरात सगळे निरोगी असतात तिथे औषधाची बाटली कोणी ठेवत नाही.

आणि त्या काळात आम्हाला एकता शिकवली कशी? आमच्या कॉलेजात राष्ट्रीय एकात्मतेवर पथनाट्य बसवायचे. दोन्ही वर्षी मला एकच भूमिका मिळाली : जाळीची टोपी आणि लुंगी घातलेला 'मुसलमान'. अब्बा एसटीत नोकरीला होते, खाकी घालायचे. आमच्या घरात लुंगी कोणी नेसत नव्हतं, ती शेजारून मागून आणली. शेतकरी, जवान, डॉक्टर या भूमिका मला कधी कोणी विचारल्या नाहीत. शेवटी सगळ्यांनी हात धरून उभं राहायचं आणि टाळ्या घ्यायच्या. मास्तरांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना चित्र पुरं करायचं होतं, आणि चित्रात एक टोपी लागते.

माझी खरी एकात्मता झाली ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरात. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 साली सुरू झालेली ही योजना. सात दिवस एका खेड्यात शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपायचं, सकाळी शोषखड्डे खणायचे, दुपारी पाळीपाळीने स्वयंपाक. पहिल्या दिवशी दोघा मुलांनी माझ्या हातच्या भाकरीकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी भूक लागली आणि खाल्ली. भाकरी वाईट झाली होती, यावर आमचं सगळ्यांचं एकमत झालं. त्यातला एक आजही ईदला घरी येतो. त्या आठवड्याची कोणी फिल्म काढली नाही, म्हणून ती कोणी फॉरवर्डही करत नाही.

महाराष्ट्राला हे शिकवायला दूरदर्शनची गरज नव्हती. 1941 पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखा संध्याकाळी मैदानावर भरत होत्या. हमीद दलवाई त्याच संस्कारात वाढले आणि 1970 साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. निळू फुले, राम नगरकर त्याच सेवा दलाच्या कलापथकातले. तिथे मुसलमान पोरगा नमुना म्हणून लागत नव्हता. तो रोज येत होता, भांडत होता, खेळत होता.

आज त्या मैदानावर कोण आहे? तुमची पोरं तुमच्या मंडळात, आमची पोरं आमच्या कमिटीत. दोघांचे टी-शर्ट छापलेले, दोघांचे फ्लेक्स, दोघांचे डीजे. वर्षातून एकदा पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत दोघांचे अध्यक्ष शेजारी बसून चहा पितात आणि फोटो काढतात. तिथेही पुन्हा चित्रच.

यात आम्ही निर्दोष नाही, हे मी माझ्या समाजालाही सांगतो. गेल्या महिन्यात माझी मुलगी शिबिराचा फॉर्म घेऊन आली. मोहल्ल्यातले दोघे बुजुर्ग मला समजवायला आले : वातावरण बरं नाही, मुलीची जात, जेवणाचं काय, नमाजाचं काय. त्यांची भीती खोटी नाही, मलाही ती आहे. पण आपण आपली मुलं घरात ठेवायची आणि 'आम्हाला कोणी ओळखत नाही' म्हणून रडायचं, हे एकत्र चालणार नाही. फॉर्मवर मी सही केली. बायको दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिनेच बॅग भरली.

ग्रुपवरच्या मित्रांनो, त्या पाखरांची फिल्म पुन्हा एकदा नीट बघा. ती पाखरं एकता या विषयावर भाषण ऐकून उडाली नव्हती. ती एकत्र दाणे टिपायला उतरली होती, एकाच जाळ्यात सापडली होती, म्हणून जाळं घेऊन एकत्र उडू शकली. वेगवेगळ्या अंगणात दाणे टिपणाऱ्यांना ते जमलं नसतं.

तुमच्यातल्या कितीजणांची मुलं यंदा शिबिराला चालली आहेत? पुढच्या वेळी व्हिडिओ टाकाल तेव्हा खाली एवढं उत्तर लिहा. माझी मुलगी चालली आहे. भाकरी तिलाही नीट येत नाही.