वेष राहतो, वाणी हरपते

कॅनडाच्या मानिटोबा प्रांतातील डॉफिन या गावी १९६६ सालापासून युक्रेनियन लोकांचा राष्ट्रीय उत्सव भरत आला आहे. जुलै-ऑगस्टच्या संधीवर तीन दिवस चालणाऱ्या या सोहळ्यात पाव आणि मीठ पुढे करून पाहुण्यांचे स्वागत होते. बंदुरा आणि त्सिम्बाली या तंतुवाद्यांचे सूर घुमतात. ‘होपाक’ नाचणारे तरुण उकिडवे बसून पाय झाडतात आणि क्षणात उंच उसळी घेतात. मुलींच्या मस्तकी फुलांचे मुकुट असतात, अंगात भरतकामाचे सदरे असतात. बाटिकच्या कापडाला लावतात तसे वितळलेले मेण अंड्याच्या कवचावर रेखून, फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत एकेक बुडी देत ‘पिसांका’ साकारते. या कलेला २०२४ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

सोहळा नेत्रसुखद खराच. परंतु त्यामागील सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या मराठी माणसाने विशेष लक्ष देऊन पाहावा, असे आम्हांस वाटते.

स्लाव वंशाचे हे शेतकरी १८९१ पासून कॅनडात येऊ लागले. पहिल्या महायुद्धापूर्वी सुमारे पावणेदोन लाख लोक गॅलिशिया आणि बुकोविना या तत्कालीन ऑस्ट्रियन प्रांतांतून आले आणि त्यांनी कॅनडातील माळराने नांगराखाली आणली. मोबदला काय मिळाला? युद्ध सुरू होताच ते ‘शत्रूराष्ट्राचे प्रजाजन’ ठरले. १९१४ ते १९२० या काळात साडेआठ हजारांहून अधिक माणसे छावण्यांत डांबली गेली. त्यांत बहुसंख्य युक्रेनियन होते. १९१६ साली मानिटोबाने द्वैभाषिक शाळाच बंद केल्या. छावण्यांचे दार कालांतराने उघडले. शाळेचे मात्र दोन पिढ्या बंदच राहिले, आणि खरा घाव तोच होता.

१९७१ साली कॅनडाने बहुसांस्कृतिक धोरण स्वीकारले. त्या धोरणासाठी आवाज उठविणाऱ्यांत सिनेटर पॉल युझिक यांच्यासारखे युक्रेनियन वंशाचे नेते अग्रभागी होते. १९७४ मध्ये एडमंटन येथे युक्रेनियन-इंग्रजी द्वैभाषिक वर्ग सुरू झाले. पण मधल्या काळात व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. २०१६ च्या कॅनेडियन जनगणनेत सुमारे साडेतेरा लाख लोकांनी आपले मूळ पूर्णतः वा अंशतः युक्रेनियन असल्याचे सांगितले. मातृभाषा युक्रेनियन सांगणारे मात्र जेमतेम एक लाख! नाच टिकला, भरतकाम टिकले, सणासुदीचे पक्वान्न टिकले. पावलांना व्याकरण लागत नाही; जिभेला रोजचा सराव लागतो.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर सुमारे तीन लाख युक्रेनियन तात्पुरत्या आश्रयासाठी कॅनडात आले. आगतस्वागत मनापासून झाले. परंतु पणजोबांचा सदरा अंगात घालणाऱ्या कित्येक यजमानांना पाहुण्यांशी इंग्रजीतच बोलावे लागले असेल, हे वरील आकड्यांवरून सहज उमगते. उत्सवाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. उत्सव नसता तर आठवणही उरली नसती. मात्र उत्सव हा शाळेचा पर्याय नव्हे, एवढे ध्यानी घ्यावयास हवे.

उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळींना हे उमगले आहे. १९८१ साली स्थापन झालेले तेथील बृहन्महाराष्ट्र मंडळ अधिवेशने भरविते, तसेच मुलांसाठी मराठी शाळांनाही हातभार लावते. सातासमुद्रापार जे जमते ते येथे का जमू नये? गोव्यात भजनी सप्ताह दणक्यात होतात, दशावतारी काल्याला गर्दी लोटते; बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे गणेशोत्सव थाटाने साजरे होतात. पण त्याच मांडवात बसलेल्या किती मुलांना मराठी वाचता येते? गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांचे पट वर्षानुवर्षे घटत आहेत. आमच्याकडे कोणी कायद्याने दार बंद केलेले नाही. आम्हीच आपल्या हाताने ते लोटून घेत आहोत.

प्रत्येक उत्सव समितीने वर्गणीचा काही भाग गावातील मराठी शाळेला आणि वाचनालयाला नेमाने द्यावा, आणि प्रत्येक घरात दिवसातून घटकाभर तरी मुलांकडून मराठी मोठ्याने वाचून घ्यावे. मागणी फार मोठी नाही. हे घडले नाही तर आमचे नातू फेटे बांधून लेझीम उत्तम खेळतील. परंतु आजीने लिहून ठेवलेले पत्र वाचून घेण्यासाठी त्यांना परका माणूस शोधावा लागेल.