विश्लेषण : ‘पानी’ म्हटलं की हसू का येतं? सातारा-सांगलीच्या बोलीचा हिशोब

पुण्यात कॉलेजला गेलेलं आपल्याकडचं पोरगं पहिल्या महिन्यात दोन गोष्टी शिकतं. एक, मेसची वेळ. दुसरी, ‘व्हय’ म्हणायचं नाही, ‘हो’ म्हणायचं. ‘पानी’, ‘लई’, ‘हितं’ असं काही तोंडातून निसटलं की शेजारचा हसतो. दिवाळीला गावी आल्यावर तेच पोरगं ‘हो’ म्हणतं, तेव्हा पारावरची माणसं हसतात : “लई पुण्याचा झालास रं!” म्हणजे दोन्हीकडून मार.

हा विषय आत्ता काढायला कारण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या सांगलीच्या लोकसाहित्य अभ्यासक डॉ. तारा भवाळकर. आणि जानेवारी २०२६ मध्ये ९९ वं संमेलन साताऱ्यात भरलं, १९९३ नंतर पहिल्यांदा. मराठीचा मान वाढला, चांगलं झालं. पण हा मान नेमका कुठल्या मराठीला? पुस्तकातल्या, की माण-खटाव, जत-आटपाडीच्या घरात बोलतात तिला?

नियम लिहिण्याचे, बोलण्याचे नव्हेत

आपण जिला ‘शुद्ध’ म्हणतो ती मुख्यतः पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांच्या बोलण्यावर उभी राहिलेली मराठी. इंग्रज काळात शाळेची पुस्तकं आणि शब्दकोश तिच्यात झाले, म्हणून ती प्रमाण ठरली. पुढे मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले. १९७२ मध्ये त्यात आणखी ४ आले, एकूण १८.

त्यातला एक नियम वाचण्यासारखा आहे. एखाद्या पात्राच्या तोंडचं बोलणं लिहिताना ‘असं केलं’ लिहावं, एरवी ‘असे केले’ लिहावं. म्हणजे बोलणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे नियम करणाऱ्यांनीच मान्य केलं होतं.

बोलीलाही व्याकरण असतं

‘काय करायलाईस?’ हे चुकलेलं ‘काय करत आहेस?’ नाही. ते आपल्याकडचं पूर्ण, नेमाने चालणारं रूप आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायका ‘मी येतो’ म्हणतात, तीही चूक नसून रीत आहे. जतच्या पूर्व भागात कन्नड आणि मराठी एकाच घरात नांदतात. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांचा विषय काढला, तेव्हा या गावांची मोठी बातमी झाली. पण तिथलं पोर दोन भाषा सांभाळून शाळेत येतं, याचं कौतुक कुणी केलं?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत गावोगावच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, ते उगीच नाही.

या मातीतल्या बोलीने मराठीला दिलंही भरपूर. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम गेले. त्यांची ‘फकिरा’ १९५९ ची, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’ १९४९ चं. येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांनी गावच्या भाषेतच सभा गाजवल्या.

टीव्हीवर २०१७ ला ‘लागिरं झालं जी’ आली आणि सातारी बोली घरोघरी पोचली. पण बघा, बहुतेक मालिकांत गडी आणि विनोदी पात्रं बोली बोलतात, साहेब आला की प्रमाण बोलतो. बघणाऱ्या पोराला त्यातून काय कळायचं ते कळतं.

मग प्रमाण मराठी सोडायची का?

अजिबात नाही. २०२५ पासून एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. मराठी आणि इंग्रजीचे पेपर पास व्हावेच लागतात, मगच बाकीचं. तहसीलला हरकत द्यायची, पीकविम्याची तक्रार करायची, तरी नीट लिहावं लागतं. ज्याला ते येत नाही त्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. ‘बोलीतच लिहा’ असं सांगणारा आपला फायदा करत नाही.

प्रश्न शिकवण्याचा आहे. ‘पानी नाही, गाढवा, पाणी’ असं चारदा ऐकलं की पोर पाचव्यांदा हातच वर करत नाही. ‘आपण घरी पानी म्हणतो, वहीत पाणी लिहितो’ असं सांगितलं तर त्याच पोराकडं दोन्ही राहतात. नवं शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं, ते यासाठीच. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या शाळांत घरची वेल्श भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायचे. आपल्याकडं पट्टी नाही, पण वर्गातलं हसू तेच काम करतं.

इंग्रजी ही त्याच शिडीची पुढची पायरी. २००० पासून पहिलीला इंग्रजी आहे, आता गावोगावी सेमी आहे. अर्जातलं इंग्रजी बिनचूक हवं, हे खरं. उच्चार मात्र स्कॉटलंडचा वेगळा, तमिळ माणसाचा वेगळा, मग आपला सातारी असला तर बिघडलं कुठं? या भीतीपोटी पोरं येत असलेलं इंग्रजीही बोलत नाहीत.

१६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, तेव्हा महाराष्ट्र मराठीसाठी उभा राहिला. २९ जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. त्या वेळी मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांतले किती जण ‘न्हाय’ म्हणणाऱ्याला हसत असतील?

शाळेच्या पुढच्या पालक सभेत एवढं एकच विचारा : आमच्या पोराची वही तपासताना लाल शाई जरूर वापरा गुरुजी, पण ते बोलताना त्याला पुरतं बोलू देता ना?